दादाने लॉज तपासलं

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या थोरल्या भावाने एका जानेवारीत, पूर्ण शुद्धीत आणि दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत, एका आलिशान जंगल लॉजच्या बिनछताच्या न्हाणीघरात अंघोळ केली. साक्षीदार दाराबाहेर उभे होते. एक त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, आणि दुसरी मी. आतून पाण्याचा आणि देवाच्या नावांचा आवाज एकदमच येत होता.

"एवढं मोठं लॉज बांधलं," टॉवेल गुंडाळून बाहेर येत दादा म्हणाला, "अन् छत टाकायचं राहून गेलं. कोणं पास केलं हे?"

मी त्याला समजावलं की हीच इथली चैन आहे, आकाशाखाली अंघोळ. त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाई, आकाशाखाली तर आपल्या कांचघर मोहल्ल्याच्या नळावर पण करतात."

दादाला दोष देण्यात अर्थ नाही. जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात त्याने सगळी नोकरी तपासणी विभागात काढली. एका हातात मापाचा गेज, दुसऱ्या हातात खडू. माप केसभर चुकलं की तुकड्यावर फुली. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने गेज परत घेतला, नजर मात्र त्याच्याकडेच राहिली. घरी पोळीची गोलाई तपासली जाते, भाजीवाल्याचा तराजू तपासला जातो. माझा नवरा तर लग्नाआधी दोनदा तपासला गेला आणि 'चालून जाईल' या शेऱ्यावर पास झाला.

असा माणूस महागड्या लॉजमध्ये पोचला, कारण त्याची एकुलती मुलगी तिथे नोकरीला होती. रिछाईच्या एका कारखान्यात ती कॉम्प्युटरवर गेटपास काढायची. ते सोडून ती पाहुण्यांना जंगल दाखवण्याचं काम शिकायला गेली. तो अर्ज मदन महल भागातल्या माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर, माझ्या पेनाने भरला गेला होता आणि हे दादाला ठाऊक होतं. म्हणजे खटल्यात सहआरोपी मीच.

लॉजची पद्धत अशी की उमेदवारीचे सहा महिने संपत आले की घरच्यांना दोन दिवस पाहुणे म्हणून बोलवायचं. पोरीला ते कायम करणार होते. दादाने निमंत्रण घेतलं, पण अटीवर. "काम पाहीन. काम म्हणण्यासारखं असलं तर ठीक. नाही तर पोरगी आपल्यासोबत गाडीत बसून घरी." त्याच्या बॅगेत रेल्वे भरतीचा फॉर्म होता, पूर्ण भरलेला. फक्त तिची सही बाकी होती. तो फॉर्म मी पाहिला होता, वहिनीने पाहिला होता, आणि पोरीला कोणी सांगायची गरज नव्हती. बापाचा चेहरा तिला लहानपणापासून वाचता येतो.

आम्ही संध्याकाळी पोचलो. पहिला दिवस आमच्या बाजूने गेला नाही. सरकारी जंगलाला लागून लॉजचं स्वतःचं रान आहे, गवताची मोठी मैदानं, मध्ये तळं. आमच्या खोलीच्या व्हरांड्यातून चितळं दिसायची. दादाने चितळं पाहिली आणि व्हरांड्याच्या खांबाला बोटाने ठोकून पाहिलं. वहिनीने घरून दशम्या, ठेचा आणि जवसाची चटणी आणली होती, "जंगलात काय भेटते" म्हणून. जेवणाच्या टेबलावर नऊ प्रकार पाहून तिने डबा हळूच मांडीखाली सरकवला. सकाळी उठून तिने सवयीने गाद्यांच्या चादरी ताणल्या, पांघरुणं घडी केली, मच्छरदाणी गुंडाळली आणि फरशी पुसली. खोली आवरायला आलेला माणूस घाबरून आमच्या पोरीकडे धावला. "दीदी, आपके घरवाले रात को सोए नहीं क्या?"

दुपारी चहा पिताना दादा पोरीला म्हणाला, "तू काय करून राहिली इथं? लोकं हिंडवून राहिली. ते तर टांगेवाला पण करते."

"बाबा, कल सुबह चलिए ना मेरे साथ," ती म्हणाली. तिला मराठी पूर्ण समजतं, बोलायची वेळ आली की हिंदीच बाहेर पडते. रागावली असली की तर नक्कीच.

दुसऱ्या सकाळी उघड्या जीपमध्ये आम्ही तिघं, इंदूरचं एक जोडपं, पुढे ड्रायव्हर आणि शेजारी आमची पोरगी. थंडी अशी की दात वाजत होते. प्रत्येकाच्या ब्लँकेटखाली गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवलेली. वहिनीच्या हाताला ती लागली, तिला वाटलं ड्रायव्हरच्या शेकायची इथे राहिली, आणि तिने काळजीने त्याला विचारलं, "क्यों भैया, कमर पकड़ी क्या?" मी हसले तर माझ्याच कंबरेत चमक भरली. मग मी तीच पिशवी कामाला लावली.

लॉजच्याच रानात, तळ्याच्या वाटेवर, धुळीत वाघाच्या पंजाचा ठसा दिसला. इंदूरच्या साहेबांनी हातभर लांब लेन्सचा कॅमेरा सरसावला. "एकदम ताज़ा है मैडम. आगे ही होगा. भगाओ गाड़ी."

पोरीने गाडी थांबवली, खाली उतरली, उकिडवी बसली. पाहतच राहिली. साहेबांच्या बायकोने घड्याळ पाहिलं. मला मनातून वाटत होतं, अगं म्हण ना ताजा आहे, चार मैल पळव, सगळे खुश होतील, तुझा बाप पण.

"नहीं सर," ती म्हणाली. "कल शाम का है."

"अरे, आपको कैसे पता?"

"मैडम को सिखाओ मत, बैठो," साहेबांची बायको म्हणाली, पण तिलाही पटलं नव्हतं.

तेवढ्यात माझ्या शेजारून दादा उठला. "खाली उतरू का?" त्याने चक्क परवानगी मागितली. आयुष्यात प्रथम मुलीकडे. तिने आजूबाजूला नीट पाहिलं आणि मान हलवली. दादाने खिशातून चष्म्याची डबी काढली, चष्मा लावला आणि तिच्या शेजारी बसला.

"दाखव."

तिने ठशाच्या शेजारी, त्याच धुळीत, स्वतःचा तळवा दाबला आणि उचलला. "ये मेरा, अभी का. किनारा देखिए, तेज़ है. अब इसका देखिए. रात की ओस इस पर गिरी है, अंदर छोटे-छोटे दाने पड़ गए. और ये लकीर? कीड़ा चला है, ओस के बाद. मतलब रात से पहले का."

दादा दवाच्या त्या बारीक दाण्यांवर वाकला. एकदा तिच्या तळव्याचा ठसा, एकदा पंजाचा, पुन्हा तिचा. कारखान्यात तो असंच करायचा. नमुन्याचा तुकडा शेजारी ठेवायचा आणि तयार तुकडा त्याच्याशी ताडून पाहायचा. एवढं ताडल्याशिवाय खडू उचलायचा नाही, मग वरचा साहेब डोक्यावर उभा का असेना.

"हा साहेब नाराज होईल ना तुझ्यावर," तो हळू म्हणाला.

"हो जाएँगे."

"तरी?"

"झूठ कैसे बोलूँ, बाबा. आगे भगाऊँगी तो पूरा दिन ग़लत तरफ़ जाएगा." तिने खिशातली वही काढून ठशाचं माप, वाट आणि वेळ लिहिली. दादाने वही मागितली. चार पानं मागे गेला. कुठेकुठे तिने स्वतःचंच आधीचं मत खोडून शेजारी 'पक्का नहीं' लिहिलं होतं. त्या खोडलेल्या ओळींवर त्याने एकेक करून बोट फिरवलं. मग वही मिटून तिला परत दिली, दोन्ही हातांनी.

तळ्यावर आम्ही तासभर बसलो. रानडुकरं पाहिली, एक घुबड पाहिलं, बाकी नुसतं धुकं. वहिनीने माझा हात धरून ठेवला होता.

निघायच्या वेळी सामान गाडीत चढलं. पोरगी पायरीवर उभी होती, पायांशी तिची बॅग नव्हती आणि कोणी विचारतही नव्हतं. विचारायची हिंमत कोणाची? इंदूरचे साहेब हात मिळवायला आले आणि सहानुभूतीने म्हणाले, "क्या अंकलजी, टाइगर नहीं दिखा. आपका तो पूरा आना बेकार गया."

आणि दादा, ज्याने परवानगीचं एक अक्षर उच्चारलं नव्हतं, सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "बेकार काहून? पोरगी तर इथंच नोकरी करून राहिली. वाघ पाहू ना दिवाळीत."