शेवंतीवहिनींची तिखटाची गौर

शेवंतीवहिनींचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. चारला केटररचा टेम्पो आमच्या अंधेरीच्या चाळीच्या तोंडाशी यायचा आणि तो कुणासाठी थांबत नसे. टेम्पोवर भांडी चढवायला मीच असायचो, म्हणून मला हे ठाऊक. वहिनींना मला कधी हाक मारावी लागली नाही.

मढच्या बंगल्यात शूटिंग असलं की सकाळी सातला सगळ्या युनिटचा नाश्ता तयार लागायचा. शिजवायला महाराज होते. कांदा-लसूण निवडणं, खिमा धुणं आणि सगळी भांडी वहिनींकडे. भांडी घासणं कुणालाही येतं असं लोकांना वाटतं. टोप आतून चकचकीत केला आणि बुडाची काजळी तशीच ठेवली, तर ते अर्धं काम. वहिनी टोप उलटा करून बुडावर तळवा फिरवायच्या. तळवा काळा झाला की पुन्हा घासायच्या. नवरा गिरणीत होता, लवकर गेला. मग सासू आणि मुलं याच कामावर. त्यात त्यांचा उजवा खांदा कायमचा गेला.

मॅकरोनी त्यांनी तिथंच पहिल्यांदा पाहिली. एकदा उकडलेली बरीच उरली आणि महाराज ती फेकायला निघाले. वहिनींनी डबा पुढे केला. घरी पाव किलो खिमा आणि खाणारी पाच तोंडं. खिमा घरच्या मसाल्यात परतून त्यांनी मॅकरोनी त्यात ढकलली. खिमा तेवढाच, पण टोप भरला. प्रीतम, त्यांचा मुलगा, तेव्हा शाळेत होता. त्यानं शेवटी टोप बोटानं पुसून खाल्ला.

त्याच वर्षी गौरी आल्या आणि घरात मटणाला पैसे नव्हते. आम्ही चिपळूणकडची माणसं. आमच्याकडे गौर म्हणजे माहेरी आलेली लेक. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी तिखट, म्हणजे मटण आणि वडे. गणपती शाकाहारी, म्हणून गौर जेवेपर्यंत त्याच्यासमोर पडदा लावायचा. वहिनी रडवेल्या झाल्या होत्या. सासू सोनूबाई म्हणाल्या, “खिमा-मॅकरोनी शिजते ना घरात? मग तीच वाढ तिला. लेक माहेरी येते ती काय पाहुणचाराला? घरचं खायला येते.”

तेव्हापासून त्या घरातल्या गौरीचं तिखट म्हणजे खिमा-मॅकरोनी. पुढे मटणाला पैसे आले तरी बदललं नाही.

मग चाळ पाडली. तिथं टॉवर उभा राहिला. आम्हाला खोलीच्या बदल्यात फ्लॅट मिळाले, बाकीचे फ्लॅट बिल्डरनं विकले. नवीन माणसं आली, कमिटी आली. सेक्रेटरी श्यामसुंदर, बँकेतून निवृत्त झालेला, बोलायला मऊ माणूस. खाली सोसायटीचा गणपती बसू लागला आणि मागच्या वर्षी लिफ्टमध्ये कागद लागला. दहा दिवस इमारतीत मांसाहार शिजवू नये, ही नम्र विनंती.

वहिनींनी तो वाचला आणि म्हणाल्या, “विनंती आहे ना? मग मी नाही म्हणते.”

पण त्या वर्षी त्यांचा हात वर जात नव्हता. सगळं करायचं होतं सुनेला, श्रुतिकाला. श्रुतिका घरी शिकवण्या घ्यायची. मुलं याच इमारतीतली. प्रीतमची नोकरी सुटली होती आणि घर त्या शिकवण्यांवर चाललं होतं. आयांनी मुलं पाठवणं बंद केलं तर संपलंच. ती “आणते खिमा,” एवढंच म्हणाली.

गौरीला साडी नेसवली, दागिने घातले. गणपतीसमोर पडदा लावला. श्रुतिकानं पान वाढून आणलं. वहिनींनी हात जोडले. नैवेद्य आधी चाखायचा नसतो, त्यामुळे कुणी चाखला नव्हता. गौरीचं झाल्यावर पहिलं ताट मला दिलं, दरवर्षीसारखं.

मी घास घेतला. मसाला बरोबर होता. मॅकरोनी बरोबर होती. खिमा मात्र दाताखाली रबरासारखा लागला.

“काय रे खंडू, थांबलास का?” वहिनी म्हणाल्या.

मी ताट पुढे केलं. त्यांनी माझ्या ताटातला चिमटीभर उचलून तोंडात टाकला. मग श्रुतिकाकडे पाहिलं.

“हे काय आहे गं?”

“सोयाबीन आहे, आई.” श्रुतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. “वास गेला असता खाली. मुलं यायची बंद झाली तर खायचं काय आपण?”

“मग मला सांगायचंस. आपण मिळून ठरवलं असतं. मी भांडले असते, नाहीतर गौरीचे पाय धरून सांगितलं असतं, बाई, यंदा जमत नाही. तू तर लेकीला घरी बोलावून फसवलंस.”

प्रीतम पडदा काढायला उठला. घरच्या आरतीची वेळ होत आली होती.

“हात लावू नकोस,” वहिनी ओरडल्या. “गौर अजून जेवलेली नाही.”

मला पिशवी दिली. मी हायवेपलीकडून खिमा घेऊन आलो. वहिनी ओट्याशी स्टूल टाकून बसल्या. हात श्रुतिकाचे, नजर त्यांची. “पाणी आटू दे. अजून नाही. चुरचुर ऐकू आली पाहिजे. घाई केलीस तर उकडलेल्या मटणासारखं लागेल.” श्रुतिका डोळे पुसत परतत राहिली. खिम्याला तेल सुटलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, “प्रीतम, बाहेरचं दार उघड.”

“आई, राहू दे ना यार.”

“उघड म्हणते ना! चोरी करतोय का आपण?”

दार उघडलं. वास जिन्यातून खाली गेला. मॅकरोनी टोपात पडली तोवर श्यामसुंदर आणि कमिटीचे दोघे दारात उभे.

“शेवंतीबाई, दहा दिवसांचाच तर प्रश्न आहे.”

“माझी लेक दोनच दिवस येते.”

“खाली बाप्पा बसलाय हो.”

“वरही बसलाय. तो बघा, पडद्याआड. माझ्या सासूच्या सासूपासून पडदा लावला की तो गप्प बसतो, कधी तक्रार नाही केली. तुमच्या कमिटीला शिवून देऊ का एक?”

मागचा एक जण हसला आणि लगेच खोकला. श्यामसुंदर लाल झाला. तो श्रुतिकाकडे वळला. “तुम्ही तरी समजवा त्यांना. तुमच्याकडे आमची मुलं येतात.”

सगळे श्रुतिकाकडे बघत राहिले. तिनं गॅस बंद केला. टोपातून पान वाढलं, दोन्ही हातांत धरलं.

“मीच शिजवलंय, काका,” ती म्हणाली. “बाजूला होता का? नैवेद्य आहे.”

तो बाजूला झाला. जाताना म्हणाला, “निदान चिमणी तरी बसवून घ्या.”

“बघते,” वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्यांदा हात जोडले, मग पडदा काढला. आरतीला उशीर झाला, पण झाली. खिमा खमंग होता. मला दोनदा वाढला.

पुढच्या सोमवारी शिकवणीला काही मुलं आली नाहीत. बाकीची आली. श्रुतिकानं नवी मुलं शोधायला शेजारच्या दोन इमारती पायी पालथ्या घातल्या आणि तिला मिळाली. कष्ट पडले, पण त्या घराला कष्टांचं नवल नाही.

वहिनींची भिशी दिवाळीला लागली. केटररकडे भांडी घासून, पगारातून बाजूला टाकलेले शेवटचे पैसे होते ते. प्रीतम चिमणीची माहितीपत्रकं घेऊन आला. वहिनींनी ती पोळपाटाखाली घातली. त्यांनी मला जोगेश्वरीच्या फॅब्रिकेटरकडे नेलं आणि बाहेरच्या लाकडी दारापुढे बसवायला लोखंडी जाळीचं दार सांगितलं. जाळी बंद ठेवून स्वयंपाक होईस्तोवर आतलं दार सताड उघडं ठेवता यावं म्हणून. बसवलं त्या दिवशी वहिनींनी एकेका सांध्यावर तळवा फिरवला. एक जागा खरबरीत लागली, ती पुन्हा घासून घेतली आणि मगच पैसे दिले.