कवळीची टकटक

सकाळी कवळी बसवताना टक्क वाजली, आणि मला दुबईत अल मनखूलमधला आमचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आठवला.

नव्वदच्या दशकात तिथे एक म्हातारा ब्रिटिश नट जाहिरातीला आवाज द्यायला आला होता. रेडिओ-टीव्हीवर जन्मभर बटलर नि पोस्टमन केलेला. "आवाजाची लेव्हल बघायला काहीतरी बोला, सर," मी इंग्रजीत म्हणालो. त्याने माझंच वाक्य माझ्याच मराठी वळणाच्या उच्चारांत म्हणून दाखवलं. क्लायंट पोट धरून हसला.

"जोक होता, हबीबी," जाताना तो नट मला म्हणाला.

त्याची कवळी दर दोन शब्दांमागे टक्क वाजायची. टेपमधून ते आवाज ब्लेडने कापून काढणं माझं काम. त्या दिवशी मी एकही कापला नाही. महिनाभर अख्ख्या दुबईने ते ऐकले.

आता त्याची कीव येते. पण ती टेप आज कुणी हातात दिली, तरी मी ब्लेड उचलणार नाही.