रिकाम्या बरणीतली पिल्लं

"स्वल्प थांब." चुलीवर दूध उतू जात असलं तरी अण्णांचं हेच. एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "स्वल्प थांब." कानडीत स्वल्प म्हणजे जरा. असा एखादा तुमच्याही शेजारी असेल.

आमच्या वठारात एका अंगणाभोवती आठ घरं. अण्णा शेजारचे, कारखान्यात फिटर. मी शिंपी, चौथी नापास. मला सजवून सांगता येत नाही.

त्यांच्या घरात लोखंडी चौकटीची काचेची पेटी होती, त्यांनीच बनवलेली. तीत बोटाच्या पेराएवढे पट्टेवाले मासे. एक वळला की सगळे वळायचे. त्यांची बायको, आम्ही अक्का म्हणायचो, अंथरुणाला खिळलेली. पडल्या पडल्या तेच बघायची. एकदा म्हणाली, "यांची पिल्लं बघायचीत मला." झालं, अण्णांनी ध्यास घेतला.

हे मासे आपलीच अंडी खातात. म्हणून मोठ्या बरणीच्या तळाला गोट्या पसरायच्या, मासे त्यात सोडायचे आणि अंडी घातली की परत पेटीत. अंडी फटीत पडली की वाचतात. गोट्या घेताना दुकानदार म्हणाला, "या वयात खेळता काय अण्णा?"

"येतोस का तू?"

तीनदा फसलं, चौथ्यांदा जमलं. पापणीच्या केसासारखी पिल्लं काचेला चिकटलेली. उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीतून पिळून त्यांना थेंब थेंब द्यायचा. मलमल माझ्या दुकानातली.

दुसऱ्याच दिवशी अक्काला इस्पितळात न्यावं लागलं. तिनं पिल्लं पाहिलीसुद्धा नव्हती. अण्णा मला म्हणाले, "पाणी घालशील तर बादलीतलं, कालचं. नळाचं ताजं नको, त्यात औषध असतं."

तिसऱ्या दिवशी बरणी गढूळ दिसली. बादली रिकामी, भरायला मीच विसरलो होतो. एक दिवस थांबायचं होतं फक्त. मी नळाखाली तांब्या धरला. संध्याकाळपर्यंत एक पिल्लू उरलं नाही.

अण्णा आले. मी म्हटलं, "मी मारली." शिवी देतील वाटलं.

"तिला सांगू नको," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा अक्काला घरी आणलं. आल्या आल्या तिनं विचारलं, "कुठायत?"

"स्वल्प थांब. केसाएवढी आहेत, इतक्यात दिसायची नाहीत."

आणि हा माणूस रोज त्या रिकाम्या बरणीत मलमल पिळायचा. पाणी बदलायचा, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं.

पाचव्या दिवशी अक्का म्हणाली, "अहो, ते बघा, एक हललं."

"सरी, सरी, बरोबर. वाढतंय," अण्णा म्हणाले.

मी दारात होतो. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "टेलर, तू सांभाळलीस हो." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

त्याच आठवड्यात ती गेली. अण्णांनी मासे, पेटी देऊन टाकली आणि आनेकलला बहिणीकडे निघाले. जाताना मलमल धुऊन, घडी करून माझ्या हातात दिली. मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी बोट वर केलं. "स्वल्प थांब," म्हणाले, आणि बसकडे चालू लागले. परत आले नाहीत.

यंदा माझी बायको गेली. शेवटी रोज विचारायची, "मी कधी उठून बसणार हो?"

मी म्हणायचो, "स्वल्प थांब."

परवा तिची ट्रंक उघडली. तळाशी तो मलमलीचा तुकडा. तिनं जपून ठेवला होता. बलकाचा पिवळा डाग गेलेला नाही.