आईचे आठ आरे

काल नातीला तिरंगा रंगवायचा होता म्हणून निळ्या शाईची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मी मोताळ्याजवळच्या आमच्या शाळेत जाऊन पोचले.

मी तिथे शिकत असताना एका साली चौदा ऑगस्टला शाळेचा झेंडा उंदरांनी कुरतडलेला निघाला. पेटीच्या तळाशी स्वातंत्र्याआधीचा, मधोमध चरखा असलेला तिरंगा तेवढा धड होता. माझी आई शिवणकाम करायची. गुरुजी तो घेऊन घरी आले. "काशीबाई, चरख्यावर चक्र लावून द्या."

आईनं बुद्धाच्या तसबिरीतलं धम्मचक्र समोर ठेवलं. दोन्ही बाजूंनी पांढरं कापड लावून निळ्या दोऱ्यानं ते हुबेहूब भरलं.

सकाळी पोरं रांगेत उभी असताना गुरुजींनी मोजलं. "हे त आठच आरे! झेंड्याले चोवीस पायजेत."

"काऊन?" झेंडा घेऊन आलेली आई सगळ्यांसमोर म्हणाली. "आमच्या घरच्या चक्राले त आठच हायेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुजी मात्र हसले. दौत मागवून त्यांनी दर दोन आऱ्यांमध्ये शाईच्या दोन-दोन रेघा ओढल्या. झेंडा वेळेवर चढला.

दुपारी पाऊस आला. संध्याकाळी झेंडा उतरवला, तर शाईचे सोळा आरे विरघळून गेलेले. आईचे आठ जिथल्या तिथे.

तेव्हा मी तिच्यावर रुसले होते. देशाच्या झेंड्यावर आपल्याच घरचं चक्र आहे, हे तिनं किती सहज गृहीत धरलं होतं, ते आता कळतं.

"आजी, आरे किती काढू?" नातीनं विचारलं.

"चोवीस," मी म्हणाले. "त्यातले आठ जरा ठळक काढ."