मामांचा एक आठवडा

अमेरिकेच्या पॉप संगीतात मराठी माणसाने मोलाची भर घातली आहे, आणि ती घालणारा माणूस माझ्या बायकोचा मामा आहे. ही भर चाळीस वर्षांपूर्वी लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अठ्ठ्याण्णवाव्या क्रमांकावर होती. एक आठवडा.

मामा तेव्हा स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएचडी करत होते आणि तीन अमेरिकन मुलांच्या पोस्ट-पंक बँडमध्ये बेस गिटार वाजवत होते. पोस्ट-पंक म्हणजे काय, हे ते आजही, आता राहतात त्या शॉमबर्गमध्ये, घरोघरचे डबे जमवून होणाऱ्या प्रत्येक पॉटलकला समजावतात: "पंकवाले नुसते चिडायचे. आम्ही विचार करून चिडायचो." रिटायर झाले तरी काळा शर्ट सुटलेला नाही. सत्यनारायणाला मामी म्हणाल्या, "अहो, पूजा आहे, काळा काय घालताय?" तर म्हणाले, "पूजा आहे म्हणूनच इस्त्री केलाय." गणपतीच्या आरतीतही त्यांना बेस कमी वाटतो, म्हणून ते एकटेच खालच्या पट्टीत घुमत राहतात.

गाणं यादीत आलं तसं बँडला टीव्हीवरून बोलावणं आलं. स्टुडंट व्हिसावर टीव्हीवर वाजवलेलं चालतं का, हे विचारायला मामा परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात गेले. त्यांना कुणीही हटकलं नव्हतं. आपणहून गेले, अर्ज टाइप करून, दोन कॉप्या घेऊन. आठवड्याभरात लेखी नकार आला. त्यांच्या जागी गायकाचा चुलतभाऊ उभा राहिला, आणि मामांनी स्वतःचं गाणं होस्टेलच्या टीव्हीवर पाहिलं. "बरा वाजवला त्याने," एवढं बोलून ते अजूनही चहा घ्यायला उठतात.

गेल्या वर्षी त्या गायकाचा फोन आला. जुने सगळे स्टेट कॉलेजलाच पुन्हा एकदा वाजवणार होते. बाकी गाण्यांना चुलतभाऊ, ते एक गाणं मामांना. बोटं संधिवाताने आखडलेली, तरी मामांनी बेसमेंटमध्ये दोन महिने रोज रियाज केला. निघताना मामी मला हळूच म्हणाल्या, "जावईबापू, तुम्हीच ड्राइव्ह करा. आणि ह्यांना कुणाला काही विचारू देऊ नका."

दुपारी चार वाजता मामा त्या तिघांच्या शेजारी उभे राहिले. पहिल्या दोन सुरांना बोटं अडखळली. मग त्यांनी डोळे मिटले, आणि तिथून एकही सूर चुकला नाही. टाळ्या झाल्या, चुलतभाऊ पुढच्या गाण्यासाठी शेजारी येऊन थांबला, तरी मामांचा हात तारांवरच होता. कुणी त्यांना घाई केली नाही.

शॉमबर्गहून तिथे पोचायला साडेनऊ तास लागतात. गाणं पावणेतीन मिनिटांचं आहे.