सत्कारातली किंकाळी

शाल द्यायची कल्पना माझी. इथे अमेरिकेत, शॉमबर्गला, आमच्या शेजारी एक फिलिपिनो नर्स राहते. तिचं मंडळ त्यांच्याकडच्या एका जुन्या नटीचा सत्कार करणार होतं. या बाईंनी उमेदीची सगळी वर्षं भुताच्या सिनेमांत काढली, मग आपल्या समुद्राकाठच्या गावाच्या महापौर झाल्या. "ट्रॉफी काय कोणीही देतं, आमच्यासारखी शाल घाला," असं मी बोलून गेले आणि ते काम माझ्याच गळ्यात पडलं.

मी मुळातच भित्री. अमेरिकेत आल्यापासून त्यात भरच पडली आहे. कुठल्याही हॉलमध्ये शिरले की आधी बाहेर पडायचं दार शोधते, मग खुर्ची. नवरा चेष्टा करतो. करू दे बापडा, शाळेचे मेसेज माझ्या फोनवर येतात, त्याच्या नाही. आमची मुलगी दुसरीत आहे. कोणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर काय करायचं, याचा त्यांच्याकडून सराव करून घेतात: लाइट बंद, दार बंद, भिंतीला चिकटून गप्प बसायचं, आणि बाहेरून कोणीही हाक मारली तरी उघडायचं नाही. आईने मारली तरी नाही. हे तिने मला वरणभात खाता खाता इंग्रजीत सांगितलं होतं. ती मराठीत बोलतच नाही. "मराठीत बोल" म्हणून मी दिवसभर तिच्या मागे असते, आणि ती "आय डोंट नो हाऊ" म्हणून मला वाटेला लावते.

सत्काराच्या दुपारी कम्युनिटी सेंटरचा हॉल गच्च भरला होता. मुलगी शेजारणीच्या मुलींबरोबर नाचात होती. नाचणाऱ्या सगळ्या पोरी बाहेरच्या बोळातल्या एका खोलीत आपली पाळी यायची वाट बघत होत्या. मी शाल घेऊन स्टेजच्या पायरीशी उभी. बाई खुर्चीत बसल्या होत्या, केस पांढरेशुभ्र, काठी मांडीवर. शेजारीण माइकवर सांगत होती, की एका वादळात गावचे भोंगे बंद पडले, तेव्हा बाई होडीत उभ्या राहून सिनेमातल्यासारख्या किंचाळत फिरल्या. त्या आवाजाने लोक जागे झाले, घरं सोडून उंचावर गेले आणि वाचले. ऐकताना माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, वन स्क्रीम, प्लीज." सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. बाई हसत नको नको म्हणत होत्या. बोळातल्या पोरींना हे नाटक आहे, हे कोण सांगणार? मी शेजारणीला दोन्ही हात हलवून नको म्हटलं. तिला वाटलं, मीही आग्रह करतेय. बाई काठी टेकून उठल्या आणि किंचाळल्या.

तो आवाज पोटातून आला आणि भिंतींना जाऊन लागला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी शालीसकट बोळात धावले.

खोलीत अंधार. दार आतून लावलेलं. आत इतक्या मुली, पण श्वासाचाही आवाज नाही. सगळ्यांना कळावं म्हणून मी इंग्रजीत म्हटलं, मी आई आहे, काही झालेलं नाही, ते नाटक होतं. मी दार ठोठावलं, आणि ठोठावताक्षणी कळलं की हेच करायला नको होतं. हॉलमधला गलका आता मलाही टाळ्यांचा वाटेना. मला खरोखर कळेना, की काही झालेलं नाही हे मला तरी नक्की माहीत आहे का.

मग दाराच्या फटीतून, अगदी जमिनीलगत, कुजबुज आली.

"आई, मराठीत बोल. त्याला नाही कळत. तू पळ."

मी तिथेच खाली बसले. इथे कोणी माणूस नाही, मी एकटीच आहे, हे मराठीत सांगितलं. सेंटरच्या माणसाने किल्ली आणली तेव्हा सांगितलं, "आता किल्लीचा आवाज येईल. आधी माझा हात आत येईल, बांगडी बघ." बांगडी बघून ती पहिली बाहेर आली. चेहरा पांढराफटक, पण रडत नव्हती. मागे बाई काठी टेकत पोचल्या होत्या. दाराआडून ही काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातातली शाल काढून घेतली आणि माझ्या मुलीच्या अंगावर पांघरली.

"मी ओरडले की लोकांनी पळायचं," त्या म्हणाल्या. "ही पळाली नाही, आईला पळ म्हणाली."

घरी जाताना मुलगी गाडीत शाल गुंडाळून बसली होती. वाटेत फ्राइज घेऊ या का, असं तिने इंग्रजीत विचारलं. मीही इंग्रजीतच हो म्हटलं. त्या दिवसापासून मी तिला "मराठीत बोल" म्हटलेलं नाही. ती पुन्हा मराठीत बोलली तर काय झालेलं असेल, याचीच मला भीती वाटते.