कानातली कुडी

दर मे महिन्यात आम्ही वेंगुर्ल्याला येतो. घरची मंडळी समुद्रावर पळतात आणि मी तिथल्या लहानशा चित्रसंग्रहालयात जातो, एकाच चित्रासाठी. होडीला टेकून बसलेली सोळा-सतरा वर्षांची पोर आणि तिचे समोर रोखलेले डोळे. ती कुणाची तरी वाट बघते आहे, असं मी मित्रांना किती वेळा ऐकवलंय. ती माझीच वाट बघते, हे मात्र मनातच ठेवलं होतं.

यंदा गेलो तर झाडलोट करणाऱ्या बाई तिची चौकट पुसत होत्या, लेकीचं तोंड पुसावं तशा सावकाश. ‘हात लावू नये’ ही पाटी फक्त माझ्यासाठी होती! माझा नुसता जळफळाट झाला. आपलीही जुनी ओळख दिसावी म्हणून मी म्हणालो, “वाट बघतेय बिचारी.”

“खयची वाट?” बाई हसल्या. “एका कानातली कुडी हरवली तिची. घराक गेल्यार आवस मारतली, म्हणान हयच बसलीहा.”

आईच्या माराला भिऊन बसलेली पोर! मी वाकून पाहिलं. उजवा कान रिकामा होता. अकरा वर्षांत मला तो दिसला नव्हता. वर्षातून दहा मिनिटं बघून आपण ज्याला प्रेम म्हणतो, त्याची धूळ रोज दुसरंच कुणीतरी पुसत असतं.

बादली उचलून बाई चित्रासमोरच्या दाराशी गेल्या. “येतंय गो,” त्या चित्राकडे बघून म्हणाल्या.

पोरीचे डोळे दाराकडेच होते. वाट ती बघतच होती, पण माझी नाही.